मधुमेह : श्रीमंतांचा रोग?
(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘आरोग्यं धनसंपदा’ हे सुवचन आपण सर्वांनी शाळेच्या भिंतीवर वाचलेले आहे. आरोग्य हीच संपत्ती, असा त्याचा अर्थ गुरुजींनी सांगितला होता. परंतु ज्यांच्याजवळ दुसरी कोणतीच संपत्ती नाही, त्यांच्या या एकमेव संपत्तीचे काय होत आहे, याचा विचार फारसा होताना दिसत नाही. प्रस्तुत लेखात मी मधुमेह या रोगाचा त्या दृष्टीने विचार करणार आहे. मी वैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी नाही. समाजशास्त्र व भूगोल हे माझे विषय. परंतु हा रोग आता केवळ डॉक्टरांचा विषय राहिलेला नाही. माणसे काय खातात, कोणते काम करतात, गाव सोडून कोठे राहावयास जातात, या सर्वांशी त्याचा संबंध आहे, आणि म्हणूनच तो आपल्याही अभ्यासाचा विषय ठरतो.

आमचे कुटुंब मूळचे कंधार तालुक्यातील. वीसएक वर्षांपूर्वी वडील नांदेडला आले, मोंढ्यात हमाली करू लागले. आता ते ऑटो चालवतात. मावशी लातूरला राहते. ‘लातूर पॅटर्न’मुळे बाहेरगावची हजारो मुले तेथे शिकवणीसाठी येतात, त्यांच्यासाठी ती मेस चालवते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा घरात कोणाची ‘शुगर निघाली’ की डॉक्टरांनी दिलेला कागद वाचण्याचे काम माझ्याकडे येते. मावशीचा कागद मीच वाचला. त्या वेळी ती म्हणाली, “अगं बाई, शुगर बंगल्यातल्या लोकायला होती. आपण भाकर-ठेचा खाणारे, आपल्याला कशानं होईल?”

मावशीचा हा प्रश्न साधा वाटला तरी तो अत्यंत महत्त्वाचा आहे. या लेखाचा उद्देश त्याचेच उत्तर शोधणे हा होय.

रोगाचे स्वरूप

आपण खाल्लेल्या अन्नाची शरीरात साखर होते व ती रक्तातून सर्व अवयवांकडे जाते. ही साखर पेशींच्या आत शिरण्यासाठी इन्सुलिन नावाचा रस लागतो. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते, तेथे तो तयार होतो. इन्सुलिन म्हणजे जणू पेशीच्या दाराची किल्ली. काही मुलांमध्ये ही किल्ली तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात, तो पहिल्या प्रकारचा मधुमेह. परंतु आपल्याकडील बहुसंख्य रोगी दुसऱ्या प्रकारचे असतात. त्यांच्यात किल्ली असते, पण कुलूप गंजलेले असते. स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन तयार करून थकते आणि शेवटी रक्तातील साखर वाढत जाते.

उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक, अथवा ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा त्याहून अधिक आढळली, तर मधुमेह समजला जातो. ‘एचबीएवनसी’ नावाच्या तपासणीतून मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी कळते. ती ६.५ टक्के वा त्याहून जास्त असल्यास मधुमेह मानतात.

या रोगाचा सर्वांत मोठा धोका असा की, पहिली काही वर्षे तो दुखत नाही. ताप येत नाही, कामावरून घरी बसावे लागत नाही. ज्याचे पोट हातावर आहे तो माणूस जोपर्यंत काम करता येते तोपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाही. तोवर आतल्या आत डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, हृदय आणि पायांच्या नसा यांचे नुकसान होत राहते.

इतिहासाकडे पाहता

मधुमेह आपल्या देशाला नवा नाही. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितलेले असून मधुमेह हा त्यांपैकीच एक. बसून राहण्याचे सुख, अतिनिद्रा, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ ही त्याची कारणे म्हणून दिलेली आहेत. सुश्रुताची चिकित्सा वाचताना मला विशेष आश्चर्य वाटले. ज्या रोग्याजवळ धन नाही त्याने पायात काही न घालता, डोक्यावर छत्री न धरता शंभर योजने चालावे, असे तेथे म्हटले आहे. कोणी शेत कसावे, कोणी विहीर खणावी, असाही उपाय आहे. म्हणजे त्या काळीही निर्धन माणसाला हा रोग होत असे, आणि त्याच्यासाठी औषध म्हणून अंगमेहनतच सांगितली जात असे.

पुढे १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन शोधून काढले व जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, हा जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. आपण तो दिवस बालदिन म्हणून ओळखतो.

आकडे काय सांगतात?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७२ ते १९७५ या काळात देशातील सहा केंद्रांत पाहणी केली. त्यांत पुणे हेही एक केंद्र होते. त्या वेळी शहरी भागात २.१ टक्के आणि ग्रामीण भागात १.५ टक्के लोकांना मधुमेह आढळला. म्हणजे शहर आणि खेडे यांत फारसे अंतर नव्हते.

त्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. चेन्नई शहरात १९८९ साली सुमारे ८ टक्के प्रौढांना मधुमेह होता, तो २००३-०४ मध्ये १४.३ टक्क्यांवर गेला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्राच्या शहरी भागात १०.९ टक्के व ग्रामीण भागात ६.५ टक्के हे प्रमाण दिसले. याच पाहणीचा देशव्यापी अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २००८ ते २०२० या काळात एक लाख तेरा हजारांहून अधिक लोकांची तपासणी करून तो तयार केलेला आहे. त्यानुसार भारतातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, शहरांत १६.४ टक्के आणि खेड्यांत ८.९ टक्के. संख्येत सांगायचे तर २०२१ साली देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही होते आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. जुन्या व नव्या पाहणीच्या पद्धती सारख्या नव्हत्या, हे लक्षात घेतले तरी वाढ किती मोठी आहे हे उघड होते. शहरातील दर सहा प्रौढांमागे एक असा हा हिशेब आहे. आपल्या गल्लीतील घरे मोजून पाहिली तर त्याचा अर्थ कळेल.

याच पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. २०१७ मध्ये पंधरा राज्यांची माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा असे आढळले की चंडीगड, तमिळनाडू आणि महाराष्ट्र यांसारख्या प्रगत प्रदेशांच्या शहरांत मधुमेहाचे प्रमाण वरच्या आर्थिक स्तरापेक्षा खालच्या आर्थिक स्तरात जास्त आहे. खेड्यांत मात्र अजून तो सुखवस्तू लोकांत अधिक दिसतो. मावशीचे मत गावापुरते बरोबर होते. परंतु ती गावात राहत नव्हती, लातुरात राहत होती.

बारीक माणसाला मधुमेह कसा?

मधुमेह म्हणजे लठ्ठ माणसाचा रोग, अशी आपली दुसरी समजूत. येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे जन्मतः वजन सरासरी सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. आपली बाळे हाडामांसाने फार लहान होती, परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक आणि आतून चरबीयुक्त, असे हे भारतीय बाळ.

२००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण जगापुढे ठेवले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणूनच भारतीयांसाठी वजनकाट्यापेक्षा कंबरेचे माप अधिक बोलके मानतात. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा व स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर सावध व्हावे, असे तज्ज्ञ सांगतात. आपली माणसे परदेशी गेली तरी हा धोका सोबत जातो. लंडनच्या साउथॉल भागात १९८०च्या दशकात झालेल्या पाहणीत तेथील आशियाई लोकांत मधुमेहाचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ चौपट आढळले होते.

असे का व्हावे? इंग्रज संशोधक डेव्हिड बार्कर यांनी मांडलेला विचार असा की, आईच्या पोटात असताना ज्या बाळाला अन्न कमी पडते, त्याचे शरीर टंचाईच्या हिशेबाने घडते. पुढे त्याच शरीराला मुबलक अन्न व बैठे काम मिळाले की ते त्याला पेलत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये उपासमार झाली होती. त्या वेळी आईच्या पोटात असलेली बाळे पन्नाशीला आली, तेव्हा त्यांच्यात साखर पचवण्याची शक्ती कमी असल्याचे दिसून आले.

हे वाचताना मराठवाड्याच्या माणसाला १९७२ चा दुष्काळ आठवल्याशिवाय राहणार नाही. माझी आजी त्या वेळी सतरा वर्षांची होती. खडी फोडण्याच्या कामावर तिने सुकडी खाल्ली, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. अर्धपोटी राहून दिवसभर राबलेल्या बायकांची मुले, आणि त्या मुलांची शहरात वाढणारी मुले, अशी ही तीन पिढ्यांची साखळी आहे. तेव्हा मधुमेह हा केवळ खादाडपणाचा रोग आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. उपासमारीनंतर आलेल्या पोटभर जेवणाचाही तो रोग आहे.

ताट बदलले, काम बदलले

आता आपल्या नांदेड-लातूरकडे वळू. १९८१ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या दोन लाखांच्या आत होती, २०११ मध्ये ती साडेपाच लाख झाली. लातूर १९८२ साली जिल्ह्याचे ठिकाण झाले आणि २०११ मध्ये तेथे महानगरपालिका आली. खेड्यातून आलेल्या माणसांनीच ही शहरे वाढली.

त्यांच्याबरोबर त्यांचे ताटही बदलले. आमच्या आजीच्या जेवणात ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरण, कधी कण्या, कधी आंबील असे. शेतात ज्वारीची जागा हळूहळू सोयाबीनने घेतली. सोयाबीन हे विकायचे पीक आहे, आपल्या घरात ते शिजत नाही. रेशनवर मिळतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला, त्यामुळे गरिबाघरची चूल थंड राहिली नाही, हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु पोट भरणे आणि पोषण होणे यांत फरक आहे. डाळ महाग, भाजी महाग, दूध महाग. स्वस्त काय, तर भात, पोळी आणि साखरेचा चहा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतीय माणसाला रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा अशा पिष्टमय पदार्थांतून मिळते. याचा अर्थ ज्वारी हे औषध आहे असा नव्हे. चार भाकरी खाऊन बसून राहिल्यास त्यानेही साखर वाढणारच. फरक इतकाच की आजी भाकरी खाऊन शेतात जात होती.

कामाचेही तसेच. हमाली करताना वडील दिवसभर पोती वाहत. ते काम हालाचेच होते, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण ऑटोवर बसल्यापासून त्यांचे चालणे थांबले आणि भाड्याची वाट पाहताना चहा वाढला. एका कपात दोन चमचे साखर धरली तरी सहा कपांत बारा चमचे होतात. पाहुण्याने चहा नाकारला तर यजमान रुसतो, ही आपली रीत. त्यामुळे हे कप मोजलेही जात नाहीत. बायकांची स्थिती आणखी कठीण. दिवसभर घरकामात उभ्या असतात, म्हणून ‘व्यायाम होतोच की’ असे आपण म्हणतो. परंतु झपझप चालण्यास त्यांना वेळ नाही आणि मोकळी जागाही नाही. मावशी पोरांचे जेवण आटोपल्यावर दुपारी चार वाजता आणि रात्री अकरा वाजता उरलेला भात खात असे. शिकवणीला आलेली मुलेही दहा-बारा तास एका जागी बसून असतात. आपण विद्यार्थ्यांनी याचाही विचार केला पाहिजे, कारण हा रोग आता तरुण वयातही दिसू लागला आहे.

अज्ञानाची किंमत

कागद वाचून दाखवल्यावर मावशीने सहा महिने गोळ्या घेतल्या. साखर उतरली, तेव्हा रोग गेला असे समजून गोळ्या सोडल्या. पुढे कोणीतरी ‘मुळापासून बरा’ करणारी पावडर विकायला आले. दोन वर्षे ती पावडर चालली. एके दिवशी चपलेने अंगठा घासला. पायाची संवेदना गेलेली असल्याने तिला ते कळलेच नाही. जखम चिघळली आणि उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. मेस तीन महिने बंद राहिली. धाकट्या मावसभावाने त्या वर्षी शिक्षण सोडले.

श्रीमंताला मधुमेह झाला तर पथ्य करावे लागते. गरिबाला झाला तर घरातील एका मुलाची शाळा सुटते. या रोगाचा सामाजिक अर्थ मला तेव्हा उमगला.

उपाय

पहिला उपाय म्हणजे तपासणी. सरकारने २०१० साली असंसर्गजन्य रोगांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याखाली तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब व साखर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते, आणि आशाताई घरोघरी जाऊन माहितीचा तक्ता भरून घेतात. त्या दारात आल्या की ‘आमच्याकडे कोणी आजारी नाही’ असे सांगून त्यांना परत पाठवू नये. रोग दुखत नाही म्हणून तर तपासायचा!

दुसरा उपाय म्हणजे चालणे व मोजके खाणे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या लोकांवर प्रयोग करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नुसता साधा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार बदलून रोज चालणाऱ्या गटात हेच प्रमाण ३९.३ टक्के राहिले. औषधाच्या गोळीनेही जवळपास तेवढाच फायदा झाला. म्हणजे चालण्याची किंमत गोळीइतकी आहे, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

या संदर्भात लातूरकरांना परिचित असलेले नाव म्हणजे डॉ. जगन्नाथ दीक्षित. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना त्यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धत लोकांपुढे मांडली. प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवावे, मध्ये काही खाऊ नये आणि पाऊण तास चालावे, असे तिचे सूत्र आहे. महाराष्ट्रात ती घरोघरी पोहोचली. ऋजुता दिवेकर यांच्यासारख्या आहारतज्ज्ञांचे मत मात्र वेगळे आहे. घरचे, स्थानिक अन्न थोडे थोडे व वेळेवर खावे, यावर त्यांचा भर आहे. या वादात निकाल देण्याचा माझा अधिकार नाही. एक गोष्ट मात्र सर्व डॉक्टर सांगतात. जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत आहेत, त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण कमी केल्यास साखर एकदम घसरून जिवाला धोका होऊ शकतो.

तिसरा उपाय म्हणजे पायांची काळजी. मधुमेह्याने रोज रात्री दोन्ही तळपाय पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरातील मुलांनी पाहावेत. अनवाणी चालू नये, गरम पाण्याने शेकू नये. गोळी सुरू झाली की साखर उतरली तरी ती आपल्या मनाने सोडू नये.

समारोप

मावशीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. मधुमेह आपल्यालाही होतो. आपले शरीर टंचाईसाठी घडले आणि आपले ताट व काम मात्र एका पिढीत बदलले, म्हणून तो होतो. बंगल्यातल्या माणसाला तो लवकर समजतो, आपल्याला उशिरा समजतो. एवढाच काय तो भेद, आणि हा भेद शिक्षणाने मिटू शकतो.

आपल्या महाविद्यालयातील निम्म्याहून अधिक विद्यार्थी माझ्यासारखे, घरातील पहिलेच शिकणारे असावेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. या वर्षी आरोग्य केंद्राच्या मदतीने एका वस्तीत कंबरेचे माप व साखर तपासणीही करावी, अशी माझी नम्र सूचना आहे. एक साधी मापपट्टी आणि घरोघरी बोलणारी चार मुले-मुली यांच्यावर काम सुरू होऊ शकते. आपल्या आईवडिलांनी आपल्याला वाचायला शिकवले ते केवळ परीक्षेपुरते नव्हे. घरातील तपासणीचा कागद आपण वाचावा, त्यांना समजेल अशा भाषेत सांगावा आणि पुढच्या तपासणीची तारीख लक्षात ठेवावी. मुलगा अगर मुलगी शिकली याचा घराला झालेला तो पहिला उपयोग ठरेल.